माती इथून डोळे मिटून घ्या, रोपं मात्र पानं उलटून बघून

इंदूरच्या ह्या नर्सरीला पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. माती आणि खताला पाच, मागच्या शेडमध्ये माती-खत बघणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना सहा, पुढच्या काउंटरला दोन, आता याची सरासरी कशी काढली ते विचारू नका.

रिव्ह्यू लांबलाय हे मान्य, पण सध्या बिचोली काय, निपानिया काय, राऊ काय, जिकडे बघाल तिकडे नवीन घरं होताहेत आणि संक्रांत संपून थंडी जरा कमी झाली की जो तो नर्सरीत पळतो, त्यातल्या मराठी मंडळींना तरी काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळावं म्हणून सगळं लिहितेय. आमचं घर बिचोली मर्दानाच्या पुढच्या एका कॉलनीत, पुढे गाडी लावून उरते तेवढी पट्टी, मागे कपडे वाळत घालायची जागा, वर गच्ची. त्याआधी अख्खा संसार रामबागेत दुसऱ्या मजल्यावर, तुळस, गोडनिंब आणि कोरफड यापलीकडे बाग नाही, त्यामुळे जमीन मिळाल्याबरोबर घरात सगळ्यांच्याच अंगात आलं. सासूबाईंना अळू पाहिजे, ह्यांना टोमॅटो, मुलाला झुकिनी (यूट्यूबची कृपा), मला भेंडी आणि गिलकी (घोसाळी).

आधी मातीचं सांगते कारण ह्या नर्सरीचा खरा माल तोच आहे.

नवीन घर घेतलेल्यांनी एकदा कुदळ मारून बघा. बिल्डरने वर चार बोटं काळी माती पसरून दिलेली असते, पझेशनच्या दिवशी फार सुंदर दिसते, त्याच्या खाली विटांचे तुकडे, टाइलचे कपचे, वाळलेल्या सिमेंटचे गोळे आणि गुटख्याच्या पुड्या. आमच्याकडे एवढंसं खणल्यावर प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा आणि कोणाची तरी एक चप्पल निघाली. सिमेंट आणि चुन्यामुळे माती आणखी अल्कधर्मी होते आणि त्यात भाजी पिवळी पडते, हे मला बाबांनी सांगितलं, काउंटरवर कोणी विचारतसुद्धा नाही तुम्ही कशात लावणार आहात म्हणून.

तर हे बाबा. नर्सरीत शिरल्यावर पुढे सगळी शोभेची झाडं, सिरॅमिकच्या कुंड्या, बुद्धाचे पुतळे, ते सगळं ओलांडून सरळ मागे जायचं, हिरव्या जाळीच्या शेडखाली खाटेवर बसलेले असतात, डोक्याला पंचा. घरची माती पिशवीत घालून न्या, हे लक्षात ठेवा, त्यांना फार आवडतं. आमची माती त्यांनी हातावर घेतली, मगातलं थोडं पाणी घातलं, पुरीच्या कणकेइतकी मळली आणि मग अंगठा आणि बोटाच्या मधून दाबत दाबत तिची पट्टी काढायला लागले. पट्टी लोंबत गेली, बोटाएवढी झाली तरी तुटेना. मग ती माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "देख लो मैडम, असली काली है, पानी पियेगी तो फूलेगी, गर्मी में फटेगी, जड़ को भी साथ में फाड़ेगी." आणि खरंच आहे, मालव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, मे महिन्यात शेतात भेगा पडतात त्यात आख्खा हात जातो. पण म्हणून ती वाईट नाही, उलट ओल धरून ठेवते, इथला गहू-चणा-सोयाबीन सगळं त्याच्यावरच उभं आहे. बाबा म्हणाले फेकू नका, गिट्टी-सिमेंट चाळून काढा आणि मोकळी करा.

मला वाटलं आता रेतीच्या दोन गोण्या विकतील, तर नाही. काळ्या मातीत थोडी रेती टाकली की ती अजूनच घट्ट बसते म्हणे, म्हणून रेती नावाला आणि खत भरपूर. चाळलेली काळी माती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा व्हर्मीकंपोस्ट (गांडूळखत) एक भाग, आणि अर्धा भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेला पालापाचोळा, वर मूठभर निंबोळीची खली (पेंड). जमिनीत करायचं असेल तर वीतभर खोल, आणि पुढच्या पट्टीत वाफा जमिनीपेक्षा थोडा उंच करायचा म्हणजे पावसाळ्यात पाणी साचणार नाही. ह्यातलं शेणखत आणि निंबोळी तेवढी त्यांच्याकडून घ्या, बाकी तुमच्याकडेच आहे, असं सांगणारा विक्रेता मी इंदूरात पहिल्यांदा बघितला. मालक कुठे आसपास नव्हते बहुतेक.

शेणखत कसं बघायचं तेही दाखवलं त्यांनी. शेडच्या मागे खड्डे आहेत, एकात ताजा माल, एकात अर्धवट, एकात तयार. तयार खतात हात घाला म्हणाले. घातला. गार होतं, काळपट तपकिरी, भुसभुशीत, वास पहिल्या पावसाच्या मातीचा, शेणाचा मुळीच नाही. मग अर्धवट खड्ड्यात हात घालायला लावला, तो आतून चांगलाच गरम. असं गरम खत घातलं तर मुळं जळतात, वर दीमक (वाळवी) आणि पांढऱ्या जाड अळ्या येतात त्या वेगळ्या. बऱ्याच नर्सऱ्यांमध्ये बंद गोणीत हेच अर्धवट खत मिळतं आणि आपण घरी आणून टाकतो. इथे गोणी उघडून दाखवतात, पाहिजे तर खड्ड्यातून समोर भरून देतात. ह्याच एका गोष्टीसाठी शहराच्या त्या टोकावरून आलात तरी चालेल.

आता एक गंमत, नर्सरीशी थेट संबंध नाही पण मला राहवत नाही. अख्ख्या जगात शेतकी शिकणारे कंपोस्टच्या ज्या पद्धतीला 'इंदूर पद्धत' म्हणतात ती ह्याच गावातली. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आपलं आत्ताचं कृषी महाविद्यालय जिथे आहे तीच जागा, अल्बर्ट हॉवर्ड तिथले संचालक आणि त्यांच्या जोडीला यशवंत वाड. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख, असे थर उथळ खड्ड्यात घालायचे, ओल राखायची, तीनदा उलथापालथ करायची आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार, असं सगळं बसवून दोघांनी १९३१ मध्ये पुस्तक काढलं. हॉवर्ड साहेबांचं नाव सगळे घेतात, वाडांचं इंदूरच्या मराठी माणसालाही माहीत नसतं. बाबांच्या मागच्या खड्ड्यांत जे चाललंय ते हेच आहे, त्यांना हॉवर्ड माहीत नाहीत आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

आणि आपण ओला कचरा कचरागाडीत देतो तो काही वाया जात नाही, देवगुराडियाच्या प्लांटला जातो, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्यातून गॅस आणि खत दोन्ही. तरी घरी बाग असेल तर निदान भाजीची सालं आणि चहाचा चोथा ठेवून घ्या. वाळलेली पानं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुकटात मिळतात, कडुनिंब-पिंपळाची पानगळ ह्याच दिवसांत, आमच्या कॉलनीत झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं तर त्या स्वतःच पोतं भरून गेटशी ठेवतात. अर्धी कंपोस्टात, अर्धी झाडांच्या बुडाशी पसरायला. एप्रिलमध्ये ऊन तापायला लागलं की ह्या पानांची किंमत कळते.

ग्रो बॅग. तीन प्रकारच्या ठेवतात. पातळ काळ्या प्लास्टिकच्या, त्या रोपांसाठी ठीक, भाजीला नको, एक उन्हाळा काढत नाहीत. मग हिरव्या जाड विणलेल्या एचडीपीई, ह्या घ्या, पण २२० जीएसएमच्या (हा जाडीचा आकडा) खालची नको आणि यूव्हीवाली, म्हणजे उन्हात लवकर न विरणारी, आहे ना विचारा, बाहेरून सगळ्या सारख्याच हिरव्या दिसतात. आणि तिसऱ्या कापडासारख्या फेल्टच्या, दिसायला गोड, मुळांना हवा मिळते हे खरं, पण इंदूरच्या मे महिन्यात त्यातलं पाणी दुपारपर्यंत संपतं. काउंटरवरचा मुलगा फेल्टच्याच पुढे करतो, का ते समजून घ्या.

मापाचं बघा. पालेभाजीला उथळ आणि रुंद चालते, २४ बाय १२ इंच वगैरे. भेंडी, मिरची, वांग्याला १२ बाय १२ म्हणजे साधारण २२ लिटर माती, त्यात एकच झाड, लोभ नको. टोमॅटो, गिलकी, दुधीला १५ बाय १५ च्या खाली जाऊ नका, त्यात ४० लिटरच्या वर मिश्रण बसतं. आणि हे ओलं झालं की एकेक बॅग ५० किलोच्या आसपास जाते, हे गच्चीवर चढवायच्या आधी डोक्यात ठेवा. भिंतीच्या, बीमच्या कडेने लावा, मधोमध गर्दी करू नका, खाली विटा किंवा स्टँड ठेवून हवा खेळू द्या, नाहीतर नवीन घराचं वॉटरप्रूफिंग आणि बिल्डरची गॅरंटी दोन्ही जातात. स्टँड इथे महाग आहेत, लोखंडवाल्याकडून करून घ्या.

कोकोपीटचा ५ किलोचा ठोकळा भिजवला की ६५-७० लिटर होतो, तेव्हा किती ठोकळे लागतील ते आधी नीट मोजा, काउंटरवाला सरळ दुप्पट सांगतो. भिजवून एकदा पाणी पिळून टाका, काही मालात मीठ असतं.

आता काउंटर.

पुढे एक 'किचन गार्डन कॉम्बो' ठेवलाय, बॅगा, कोकोपीट, स्प्रे पंप आणि बियांची दहा पाकिटं. पॅकिंग मस्त. आमच्या शेजारच्या वहिनींनी घेतला म्हणून मला उघडून बघता आला. फेब्रुवारी संपत आलेला आणि पाकिटांत गाजर, मटार, फुलकोबी, मुळा, पालक! अहो, ही सगळी थंडीची भाजी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरायची. मटारला ऊन लागलं की फूल गळतं, फुलकोबीचा गड्डा बसत नाही, पालक आणि कोथिंबीर भराभर फुलावर जातात. वहिनींनी विचारलंही होतं, तर उत्तर काय, "सब लग जाएगा मैडम." लग जाएगा बरोबर, येणार काही नाही. राहिलेला हिवाळी माल असा कॉम्बोत घालून संपवणं मला नाही पटलं, काउंटरचे दोन स्टार त्याचेच गेले.

ह्या दिवसांत म्हणजे महाशिवरात्र ते पाडवा ह्या काळात इंदूरात काय पेरायचं तर भेंडी, गवार, चवळी, गिलकी, दोडकी, दुधी, काकडी, कारली, तांदुळजा. बस. टोमॅटो, मिरची, वांग्याची तयार रोपं लावायची, बी पेरत बसायचं नाही. ह्या भाज्यांचं बी काउंटरवर आहे, पण खालच्या खणात, मागून घ्यावं लागतं. आणि पाकीट घेताना मागची बाजू वाचा. लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवण किती टक्के, हे छापलेलं असायलाच पाहिजे. भेंडीला निदान ६५ टक्के, टोमॅटोला ७०, मिरची आणि वेलभाज्यांना ६०, हे सरकारी प्रमाण आहे. इथे चांगल्या कंपन्यांची पाकिटं आहेतच, पण त्याच खणात स्टेपल केलेल्या पारदर्शक पुड्यापण आहेत ज्यांच्यावर फक्त स्केचपेनने 'भिंडी' लिहिलंय. त्या नको. हायब्रीड असेल तर बी धरून पुढच्या वर्षी लावायच्या भानगडीत पडू नका, तसंच निघत नाही. बी धरायचं असेल तर सरळ वाण मागा, भेंडीत 'परभणी क्रांती' मिळाली तर घ्या, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची, पानांच्या शिरा पिवळ्या पडायचा जो रोग भेंडीला लागतो त्याला टिकावी म्हणून काढलेली. माझी तीच आहे.

भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं, एका जागी दोन, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, उगवल्यावर जे दणकट ते ठेवायचं. बियांना गुलाबी-निळा रंग असेल तर ते औषध लावलेलं असतं, लहान मुलं असतील तर बघा आणि नंतर हात धुवा. साधारण दीड महिन्यात पहिली भेंडी हातात येते आणि मग एक दिवसाआड तोडायलाच लागते, तिसऱ्या दिवशी जून होते.

बालम काकडीचं बी मागितलं मी बाबांकडे, रतलाम-सैलाना साइडची ती मोठी गोड काकडी, इंदूरकरांना सांगायला नको. त्यांनी दिलंच नाही. "वो बारिश की चीज़ है, आषाढ़ में आना." पैसे पुढे केलेले असताना नाही म्हणणारा माणूस.

रोपांचा मामला मिक्स. मिरची-वांग्याची रोपं ट्रेमध्ये होती, छान, छोटी, जाड खोडाची, सगळी लागली. टोमॅटोची मात्र पिशवीतली, फूल आलेली, दोन तर हिरव्या टोमॅटोसकट, आणि लोक तीच उचलत होते कारण वाटतं की चला काम झालं. अशी रोपं घेऊ नका. पिशवीत इतके दिवस राहिलेल्या रोपाची मुळं आत गोल गोल वेटोळी झालेली असतात, नवीन मातीत पसरत नाहीत. वीतभरच उंच, फूल न आलेलं घ्या आणि पान उलटून बघा. मी उलटलं तर खाली पांढऱ्या बारीक माश्या, हात लागला की भुर्रकन उडणाऱ्या. ती पांढरी माशी, टोमॅटोच्या पानांचा बोकड्या रोग तीच घेऊन येते, एकदा पानं चुरडली की झाड उपटण्याशिवाय इलाज नाही. काउंटरवरच्या मुलाला दाखवलं तर म्हणतो घरी जाऊन नीम ऑइल मारा. अरे बाबा, तू मार ना, विकायच्या आधी! तेव्हा टोमॅटो मी इथून घेतलेच नाहीत, ह्यांच्या ऑफिसातल्या एकांनी घरी केलेली रोपं दिली ती लावली. (नीम ऑइल एक लिटर पाण्यात ५ मिली आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी मारायचं, उन्हात नाही.)

झुकिनीचं रोप चिरंजीवांनी घेतलंच, तीन भेंडीच्या पाकिटांच्या किमतीत एक. आहे अजून. मोठी मोठी पानं आलीत.

आणि अळू. ह्याच्यावर सासूबाईंचा आग्रह आहे की नीट लिही. काउंटरवर विचारलं, "खाने की अरबी के पत्तेवाला पौधा है क्या", तर मुलाने छानशी कुंडी दिली, पानं चकचकीत, जांभळ्या शिरा, "हाँ वही है". घरी आणल्यावर सासूबाईंनी चष्मा न लावता लांबूनच सांगितलं हा शोभेचा आहे, खायचा नाही. अळूच्या भाऊबंदांत बरेच प्रकार दिसायला सारखे आणि घशाला भयंकर खाजणारे, कॅलेडियम तर विषारीच. आपला खायचा अळूसुद्धा चिंच घालून नीट शिजवल्याशिवाय खाजतो, तर हे पोटात गेलं असतं म्हणजे काय झालं असतं. परत द्यायला गेलो तर कुंडी घेतली पण पैसे नाही, बदल्यात दुसरं काहीतरी घ्या, मग निंबोळी खली घेतली. हे शोभेचं आहे, खायचं नाही, अशी चिठ्ठी लावायला किती पैसे लागतात?

मराठी घरांत अळू पाहिजे असेल तर नर्सरीत जाऊच नका. भाजीवाल्याकडून अरवीचे कोंब आलेले गड्डे आणा, न्हाणीघराच्या किंवा वॉशिंगच्या नळाजवळ ओलसर, अर्ध्या सावलीच्या जागी लावा. किंवा लोकमान्य नगर, राजेंद्र नगरात कोणाच्या तरी मागच्या अंगणात काळ्या देठाचा अळू असतोच, वडीसाठी तोच चांगला, एक कंद मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. आमचा तसाच आला. कंदाबरोबर पातळभाजीत दाणे आधी का चण्याची डाळ आधी ह्यावर अर्धा तास उपदेशपण मिळाला.

घरी येऊन ड्रिप बसवायची सर्व्हिस पण घेतली. मुलगा वेळेवर आला, काम स्वच्छ, १६ एमएमची मेन लाइन, त्यातून बारीक नळ्या, प्रत्येक बॅगेला तासाला ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे १५ मिनिटं चालवलं की एक लिटर. नळाला टायमर. फक्त फिल्टर लावला नव्हता, आणि आमच्याकडे गच्चीच्या टाकीत बोअरिंगचं पाणी, खारं, त्यामुळे काही आठवड्यांतच ड्रिपर पांढरे होऊन बंद पडायला लागले. फोन केला तर म्हणे फिल्टर पॅकेजमध्ये नाही, एक्स्ट्रा आहे. मग आधी सांगायचं. ड्रिपर काढून निंबूसत (सायट्रिक अ‍ॅसिड) घातलेल्या पाण्यात भिजवले की उघडतात, हा उपाय अर्थात बाबांचा. तुम्ही बसवून घेणार असाल तर फिल्टर कोटेशनमध्येच लिहून घ्या.

पाण्याचं इंदूरात सगळ्यांनाच माहितीये, नर्मदा एक दिवसाआड येते, तीही ७० किलोमीटरवरून जलूदहून पंपाने चढवत आणलेली. ते पाणी पाइप लावून बागेत सोडायला माझा तरी हात होत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवते ते पालेभाजीला. आरओचं फेकायचं पाणी नुसतं घालू नका, त्यात क्षार असतात, निम्मं साधं मिसळून कधीतरी घातलं तर चालतं. आणि ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) हिरवी नेट एप्रिल लागायच्या आत बांधून घ्या, इथे मीटरवर मिळते, भाव वाजवी, कडेला शिवून रिंगा लावून देतात, ते काम छान करतात.

गिलकीचा वेल रंगपंचमीपर्यंत गच्चीच्या कठड्याला पोचला. (त्या दिवशी नर्सरी बंद होती, बरोबरच आहे, गेर (रंगपंचमीची मिरवणूक) सोडून झाडं कोण विकेल.) आधी नुसती नर फुलं येत राहतात, देठ बारीक, आणि माणूस वैतागतो की फळ का नाही. वाट बघायची. मादी फुलाच्या मागे पहिल्यापासूनच करंगळीएवढी गिलकी दिसते. गच्चीवर मधमाश्या कमी आल्या तर सकाळी सकाळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे करून मादी फुलावर हलकंच टेकवायचं. दुधी असेल तर हे काम संध्याकाळी, कारण त्याची पांढरी फुलं तेव्हा उमलतात, दोडकीचीपण तसंच. हे मला कोणत्याही व्हिडिओत एवढं स्पष्ट नव्हतं कळलं, बाबांनी खाटेवर बसल्या बसल्या दोन वाक्यात सांगितलं. पहिल्या गिलकीचे भजे झाले, भाजी करायला उरल्याच नाहीत.

बाकी प्रॅक्टिकल. रविवारी जाऊ नका, पार्किंग नाही आणि बाबांना पुढे कुंड्या उचलायला लावतात. मधल्या वारी सकाळी अकराच्या आत गेलात तर ते मोकळे असतात. यूपीआय चालतं, पण सुट्या खताला बिल देत नाहीत, मागितलं तर हाताने लिहून देतात, मागाच. जास्त माती घेणार असाल तर छोटा हत्ती करून पाठवतात, भाडं आधी सांगतात ते बरोबर असतं, उतरवून गच्चीवर चढवायचे पैसे मात्र वेगळे आणि ते गाडी दारात आल्यावर सांगतात, तेव्हा फोनवरच ठरवून घ्या आणि मजला किती ते खरं सांगा.